लाल खुणेची पोती

२२ नोव्हेंबर

बारके,

बाबांनी सांगितलं म्हणून हे पत्र. माझ्यावर असतं तर मी तुला कोरा कागदही पाठवला नसता. पण बाबा खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले आहेत आणि माझं पेन चालतंय का ते बघत आहेत. फोन करतो म्हटलं, तर म्हणाले, "फोनवर तुम्ही दोन वाक्यांत एकमेकांच्या अंगावर जाता. कागदावर भांडायला वेळ लागतो. लिही."

तर, पेरणी झाली. तू तुझ्या अर्ध्यात पेरणीचं खत घालून, माझ्याकडे न बघता गाडीत बसलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन्ही अर्ध्यांत बियाणं एकच, ट्रॅक्टर एकच, खोली एकच. बांधाच्या खालचा अर्धा माझा, वरचा तुझा. काड्या बाबांनी धरल्या होत्या, लांब काडी मला आली, म्हणून खालची भारी माती मला मिळाली. यात माझी काही लबाडी नव्हती हे आधीच लिहून ठेवतो, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे.

अटीही लिहून ठेवतो. नत्र दोघांनी सारखंच द्यायचं, कमी नाही, जास्त नाही. मी ते युरियातून देणार, जसा आजवर देत आलो. तू अमोनियम सल्फेटमधून देणार, कारण तुझ्या म्हणण्याप्रमाणे आपल्या मातीतलं गंधक संपलं आहे, आणि गंधक नसेल तर गव्हाला कितीही नत्र घाला, ते त्याच्या अंगी लागत नाही. ज्याच्या अर्ध्यात गहू जास्त, पुढच्या वर्षापासून सगळं शेत त्याच्या हाती. बरोबरी झाली तर जे चाललं आहे ते चालू राहील. म्हणजे माझ्या हाती.

तुला हे सोपं आहे. जिंकलीस तर प्रयोगशाळा सोडून घरी येशील आणि शेत करशील, हरलीस तर नोकरी कुठे पळून जात नाही. मी हरलो तर कुठे जाऊ? पन्नाशी उलटली, दुसरं काही कधी केलं नाही. धाकट्या बहिणीला विचारून पाणी सोडायचं आणि धाकट्या बहिणीला विचारून खत फोकायचं, हे या वयात मला जमणार नाही.

तुझी पोती शेडमध्ये रचली आहेत. ओल लागू नये म्हणून खाली फळ्या टाकल्या. तू त्यांच्यावर लाल रेघा ओढून गेलीस, म्हणून बाबांनी माझ्या पोत्यांवर निळ्या ओढून घेतल्या. एवढ्याशा शेताला किती ते रंग. बाकी तुझी रास माझ्या दुप्पट आहे. माझ्या एका पोत्यात जेवढं नत्र, तेवढ्यासाठी तुला दोन पोती लागतात, आणि तरी शहाणी तूच.

जाताना तू तुझ्या वहिनीला विळ्याचं विचारत होतीस म्हणे. तू डावखुरी म्हणून बाबांनी लहानपणी लोहाराकडून उलट्या दात्यांचा करून आणला होता, तो. मला माहीत नाही. शेडमध्ये नाही. मी टाकलेला नाही.

दादा

१७ डिसेंबर

बारके,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, पोचपावती. 'पत्र मिळालं. पहिलं पाणी बुंध्याशी मुकुटमुळं फुटताना द्यावं.' वर कोणाला ते नाही, खाली कोणाकडून ते नाही. मी गव्हाला पाणी देत होतो तेव्हा तू फ्रॉकमध्ये मातीची अंडी करत होतीस.

पाणी दिलं. आधी खालच्या अर्ध्याला, मग वरच्या. लगेच नाक फुगवू नकोस. मी त्या दिवशी सकाळीच युरिया फोकला होता. चार वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर मूठ आपटून तू सांगितलं होतंस की युरिया वर पडून राहिला तर हवेत उडतो, नायट्रेट पाण्याबरोबर खाली वाहून जातं आणि अमोनियम मातीला धरून बसतं. मग ज्याचं उडतं त्याला आधी पाणी आणि ज्याचं बसून राहतं त्याला नंतर. माझं पाठांतर वाईट नाही ना?

त्याच दिवशी तू असंही म्हणालीस की मी मातीला नुसता चहा पाजतो, जेवायला घालत नाही. आणि मी म्हणालो की बाटल्या विसळणाऱ्या बाईने बाटल्या विसळाव्यात. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे आपल्या घराण्यातच आहे. पण त्यानंतर चार वर्षं माझ्याशी बोलायचं नाही, हे घराण्यातलं नाही, ते तुझं स्वतःचं.

आता शेताचं. खालचा अर्धा हिरवागार आहे, फुटवे भरपूर, रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघतो. वरचाही बरा आहे. बरा म्हणजे बराच. तुझ्यासारखाच बारका आहे, पण उभा आहे.

बाबांचे गुडघे थंडीने धरले आहेत. काठी घेऊन शेडपर्यंत जातात आणि परत येतात, तेवढंच. बाकी दिवसभर खिडकी. परवा माझ्यामागे लागून खुर्ची थोडी उजवीकडे फिरवून घेतली, म्हणजे बांधाच्या दोन्ही बाजू दिसतात. मी म्हटलं, "पंचांची खुर्ची झाली ही." ते म्हणाले, "पंच बोलतो. मी बघणार फक्त."

दादा

६ जानेवारी

बारके,

आज वेगळ्या कामासाठी लिहितो. आपल्या शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याच्या गव्हाला काहीतरी झालं आहे. तुझ्या बहिणीला विचार म्हणून तो माझ्या मागे लागला आहे.

खालची पानं हिरवी आहेत, पण शेंड्याची कोवळी पानं पिवळट निघत आहेत. वाढ थांबल्यासारखी वाटते. त्याने पाण्याच्या आधी थोडा युरिया टाकून बघितला, त्याच्या वाट्याचाच, पुढच्या हप्त्यातून कापून. पी हळद आणि हो गोरी असं होत नाही हे त्यालाही कळतं, पण आठवडा झाला तरी काही नाही. उलट पिवळेपणा वाढला. मी त्याला म्हटलं, थंडी आहे, ऊन पडलं की सुधारेल. त्याला ते पटत नाही. जरा घाबरलेला दिसतो. घाबरण्यासारखं आहे का, ते दोन ओळींत कळव. लवकर कळव, तो रोज विचारतो.

आपले दोन्ही अर्धे ठीक आहेत.

दादा

१९ जानेवारी

बारके,

तुझं पत्र मिळालं. ट्रॅक्टरवाल्याने यंदा हरभरा पेरला आहे आणि तू येताना तो बघितलास, हे तुला लिहायची गरज नव्हती. त्याच्या मेव्हण्याचं शेत आहे, तिकडचा गहू. मी सगळं सविस्तर लिहिलं नाही एवढंच.

तुझं म्हणणं मी त्याला वाचून दाखवलं. नत्र कमी पडलं असतं तर आधी म्हातारी पानं पिवळी झाली असती, कारण म्हातारं पान स्वतःजवळचं नत्र काढून कोवळ्याला देतं. गंधक त्याला तसं देता येत नाही. म्हणून कोवळी पानं पिवळी म्हणजे गंधकाची भूक, आणि अशा वेळी वरून युरिया म्हणजे उपाशी माणसाला आणखी मेहनतीला जुंपणं. बाबा ऐकत होते. ते म्हणाले, "कोणाच्या गव्हाचं चाललंय?" मी म्हटलं, मेव्हण्याच्या. "कोणाच्या मेव्हण्याच्या?" म्हणाले, आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसरा हप्ता दिला. दोन्ही अर्ध्यांत, एकाच दिवशी, जेवणानंतर. सगळे झोपले होते, उगाच कोणाला उठवायचं म्हणून मी एकट्यानेच उरकलं. नत्र दोन्हीकडे अगदी अटीप्रमाणे पडलं आहे, त्यात फरक नाही, हे मी कुठेही हात ठेवून सांगेन.

एक किरकोळ गोष्ट. तुझ्या पोत्यांतली दोन ओल धरून पार दगड झाली होती. कामाची राहिली नव्हती. तेवढ्या जागेत मी माझ्याकडचा युरिया टाकला, म्हणजे तुझा गहू उपाशी राहू नये. हिशेबात नत्र सारखंच बसतं. तुझ्या अर्ध्याचा शेवटचा एक पट्टा तेवढा तसा आहे. त्याने काही बिघडणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी दिलं. यावेळी आधी तुझ्या अर्ध्याला.

दादा

४ फेब्रुवारी

बारके,

'दगड झालं तरी नत्र जात नाही आणि गंधकही जात नाही. फोडून टाक. पोती कुठे आहेत?'

तीन वाक्यं. पोलीस बरे तुझ्यापेक्षा, ते निदान बसा म्हणतात. पोती टाकली. कुठे टाकली ते आठवत नाही. मला काय माहीत दगड झालेलं खत फोडून चालतं? आपल्याकडे सिमेंट दगड झालं की फेकतात. तू येऊन बघितलंस का? नाही. मग ज्याने बघितलं त्याच्यावर विश्वास ठेव.

बाबांनी सगळं लिहायला सांगितलं आहे, म्हणून आणखी एक गोष्ट लिहितो. माझ्या अर्ध्यात, बांधाला लागून, एक पट्टा बाकीच्यापेक्षा हिरवा दिसतो आहे. थोडा. वारा तुझ्या बाजूने असतो, तुझं खत फोकताना बांध ओलांडून आलं असेल. पाण्याबरोबरही येतं. तुझ्या अर्ध्यातला तो शेवटचा पट्टा जरा फिकट पडला आहे. आजारी नाही, फिकट. दोन्ही पट्टे साधारण सारख्या रुंदीचे आहेत, हा योगायोग आहे.

रस्त्यावरून जाणारे विचारतात, बांधाजवळ वेगळं बियाणं लावलं का. मी हो म्हणतो. ट्रॅक्टरवाला सगळ्यांत चोंबडा. तो बांधावर उभा राहून एकदा खाली बघतो, एकदा वर बघतो आणि डोकं खाजवतो. त्याला मी काल सांगितलं की स्वतःचा हरभरा बघ.

घरात सगळे नीट आहेत. तुझ्या वहिनीने स्वयंपाकघराच्या दाराशी पाय पुसायला नवीन पोतं टाकलं आहे. त्यावरून घरात उगाच वाद झाला. मी म्हटलं हे इथे नको, ती म्हणाली शेडमध्ये रिकामं पडलं होतं, धुऊन घेतलं, चांगलं जाड आहे. बाबा त्यावर काठी टेकून बराच वेळ उभे होते. मग पाय पुसले आणि आत आले.

दादा

१५ फेब्रुवारी

बारके,

आज सकाळी मालगाडीच्या गोदामातून निरोप आला की तुमच्या नावाने दोन पोती आली आहेत. मला वाटलं चूक असेल. जाऊन बघतो तर अमोनियम सल्फेट, आणि दोन्हींवर रेघा निळ्या. लाल नव्हे, निळ्या. सोबत तुझी चिठ्ठी: 'खालच्या अर्ध्यासाठी. पोटरी धरायच्या, म्हणजे ओंबी पोटात यायच्या आत द्यावं. नंतर उपयोग नाही.'

मी ती पोती गाडीवर टाकून आणली आणि सगळा रस्ता तुला शिव्या दिल्या. हा मोठेपणा मला नको होता. तू मला चोर म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो, ते मला येतं. तू फोन करून बाबांना सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, बघा, चहाडखोर. तू माझ्या गव्हाला खायला पाठवलंस. आता मी काय करू?

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी तर कोंबडं झाकायला हिरवागार पट्टा अंथरला होता, तोही बाबांच्या खिडकीसमोर. घे, ऐक.

ट्रॅक्टरवाल्याच्या मेव्हण्याला शेतच नाही. पिवळा माझा गहू होता. रोज सकाळी जाऊन मी शेंड्याची पानं हातात घेऊन बघायचो, आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा फिकट असायची. वर तुझा अर्धा, हलक्या मातीतला, काळोखी हिरवा. मला भीती वाटली, बारके. इतकी भीती मला बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी वाटली नव्हती. मी हरणार हे मला जानेवारीतच दिसलं, आणि मळणीपर्यंत रोज ते बघत बसायचं माझ्याच्याने होईना.

त्या दुपारी बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते, तुझी वहिनी आत आडवी झाली होती. मी तुझ्या लाल रेघांची दोन पोती पाठीवर घेतली आणि बांधाजवळच्या माझ्या पट्ट्यात फोकली. ओल धरली नव्हती. साखरेसारखी मोकळी होती. तिथे टाकायचा युरिया तुझ्या शेवटच्या पट्ट्यात टाकला. चोरी केली तीही अटीत बसवून केली, नत्र दोन्हीकडे सारखं ठेवलं. मी मनाला सांगितलं, ही चोरी नाही, अदलाबदल आहे. बांधाजवळची जागा मुद्दाम निवडली, म्हणजे वाऱ्यावर ढकलता येईल.

आणि गंमत बघ. तू वर्षानुवर्षं सांगत होतीस, टेबल बडवून, आकडे दाखवून, आणि मला पटत नव्हतं. आता माझ्याच शेतात, माझ्याच मातीत, माझ्याच हाताने टाकलेला पट्टा हिरवा उभा आहे आणि त्याला लागून बाकीचा माझा गहू पिवळा. तुझ्या शेतात उलटं. तुझ्या साहेबांनी आखला असता तरी प्रयोग इतका स्वच्छ झाला नसता.

तुला कळलं कशावरून ते मला माहीत आहे. माझ्याच पत्रांवरून. दगड झालेली पोती आणि सारख्या रुंदीचे दोन पट्टे. खाई त्याला खवखवे, मी न विचारता सगळं लिहीत गेलो. एक रिकामं पोतं तुझ्या वहिनीने दाराशी टाकलं, त्यावर लाल रेघ अजून दिसते. मी रोज ती ओलांडून जेवायला येतो. दुसरं पोतं कुठे गेलं ते मलाही ठाऊक नाही. मी दोन्ही फळ्यांखाली कोंबली होती.

बाबांना काही सांगितलेलं नाही. तू सांगायचं तर सांग.

निळी पोती शेडमध्ये आहेत. पोटरी धरायला फार वेळ नाही. माझा गहू भुकेला आहे आणि खत हातात आहे आणि मला ते टाकवत नाही.

दादा

२३ फेब्रुवारी

बारके,

कालव्याचं पाणी परवा आलं. ते येण्याच्या आधी पोती टाकायला हवी होती, टाकली. खालच्या अर्ध्यात नाही. तुझ्या वरच्या अर्ध्यातल्या फिकट पट्ट्यात टाकली, दोन्ही. तुझी दोन घेतली होती, तुझी दोन परत केली. ती निळी होती की लाल, ते मातीला कळत नाही.

तुझं सांगणं मोडलं, हे मला माहीत आहे. माझ्या गव्हाला पाठवलेलं मी माझ्या गव्हाला दिलं नाही. बाबा दुपारी म्हणाले, "खालचा गहू उपाशी ठेवलास." मी म्हटलं, "हो." ते आणखी काही विचारतील म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी चहा मागितला.

तुझ्या पट्ट्याला उशीर झाला आहे. फुटवे मेले ते आता येणार नाहीत, जे उरले त्यांचे दाणे भरतील. बघू. तू काही लिहिलं नाहीस. मागच्या पत्रालाही उत्तर नाही. यावेळी तुझं न लिहिणं मला चार वर्षांपेक्षा जड जातं आहे.

दादा

९ एप्रिल

बारके,

कापणी झाली. सगळी नाही. सगळं लिहितो, नीट वाच, कारण यावर काय ते तुलाच ठरवायचं आहे.

मशीन काल आलं. आधी तुझा अर्धा कापला. दाणा टपोरा आहे, हातात घेतला की जड लागतो. तुझा फिकट पट्टा मागेच राहिला, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. मग माझा अर्धा. बारके, मला स्वतःच्या शेताकडे बघवत नव्हतं. ओंब्या आखूड, दाणे बारीक. नत्र तेवढंच, पाणी तेवढंच, माती तर तुझ्यापेक्षा भारी. मशीन बांधाजवळच्या हिरव्या पट्ट्याशी आलं. हिरवा म्हणजे आता सोनेरीच, पण बाकीच्यापेक्षा हातभर उंच आणि दाट. मी मशीनसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, हा राहू दे.

मशीनवाला वैतागला. म्हणाला, "एवढ्यासाठी मी परत येणार नाही. गहू पिकून वाळलाय, दोन दिवसांत दाणा झडायला लागेल." ट्रॅक्टरवालाही तिथेच होता, तो म्हणाला, "अरे, हाच तर तुझा सगळ्यात चांगला." मी दोघांनाही म्हटलं, हा राहू दे.

बाकीचं सगळं तोललं. बाबांना खुर्चीसकट अंगणात आणून काट्याजवळ बसवलं होतं. पट्टा सोडला तर तुझा अर्धा सरळ पुढे आहे. पण तो पट्टा माझ्या अर्ध्यात धरला तर डोळ्याच्या अंदाजाने दोन्ही अर्धे सारखे होतात, पोतंभर इकडे किंवा तिकडे. आणि बरोबरी झाली तर शेत माझ्याकडेच राहतं. म्हणजे सगळं त्या पट्ट्यावर आलं. तुझ्या दोन पोत्यांवर आलं.

मी बाबांना तिथेच सांगितलं. सगळ्यांसमोर, ट्रॅक्टरवाल्यासमोरसुद्धा. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "तो पट्टा तिचा धरा. खत तिचं, म्हणणं तिचं. शेत तिच्या हाती द्या."

बाबा म्हणाले, "जानेवारीपासून बघतोय तो पट्टा. तू कधी सांगतोस म्हणून बसलो होतो. इतके चहा गार केले मी तुझ्यापायी." मग म्हणाले, "मला नको सांगूस. तिला विचार."

म्हणून विचारतो. मी तो पट्टा कापलेला नाही, कारण मी कापून तोलला तर माझ्या वजनावर तू विश्वास का ठेवावास? माझ्यावर मीच ठेवणार नाही. तो तसाच उभा आहे, मोकळ्या झालेल्या शेतात एकटा. सकाळ-संध्याकाळ पाखरं हाकतो. आज दुपारपासून गरम वारा सुटला आहे, ओंबी हातात चोळली की दाणा लगेच सुटतो. आभाळ पश्चिमेला काळं दिसतं. तू लवकर ये, नाहीतर कापून टाक म्हणून कळव. जे म्हणशील ते.

आणखी एक विचारायचं आहे. हे लिहावं की नाही म्हणून मघापासून पेन हातात धरून बसलो आहे. शेत तुझ्या हाती आलं म्हणजे पेरणी, खत, पाणी सगळं तू ठरवणार, ते ठीक आहे, ते तुला येतं हे मी आता डोळ्यांनी बघितलं. पण तुझ्या शेतात मला काही काम असेल का, तेवढं कळव. नसेल तर तसं स्पष्ट लिही. मी रागावणार नाही. रागावलो तरी तुला कळवणार नाही.

दादा

१३ एप्रिल

बारके,

तुझी चिठ्ठी मिळाली. शेवटचं विचारलं त्याचं उत्तर आधी शोधलं, ते कुठे नाही. तेवढीच चिठ्ठी आहे:

'दादा, रविवारी पोचते. पट्टा उभा ठेव. मशीन नको, हाताने कापू. विळे दोन, धार लावून ठेव.'

मी ती बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचली. म्हणाले, "दोन म्हणाली ना?" मी म्हटलं, हो, दोन. मग मलाच कळलं की उत्तर तिथेच होतं. मी उठून अंगणात गेलो, कारण बाबांसमोर रडायची मला सवय नाही.

आता विळ्याचं. माझा भिंतीवरच होता. तुझा डावा मी शेडमध्ये शोधला, माळ्यावर शोधला, तुझ्या वहिनीने पलंगाखालच्या ट्रंका ओढून काढल्या. बाबा हे सगळं बघत होते. शेवटी काठीने स्वतःच्या खाटेखाली दाखवून म्हणाले, "तिथे बघ. उशापासच्या बाजूला."

तिथे होता. दात्यांना तेल लावलेलं, मूठ नवीन बसवलेली. आणि गुंडाळून ठेवला होता तो लाल रेघांच्या दुसऱ्या पोत्यात.

मी पोत्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "त्या दुपारी मी झोपलो नव्हतो." आणि चहा मागितला. आज गरम असताना प्यायले.

पट्टा उभा आहे. वारा थोडा कमी झाला, पाऊस आला नाही. दोन्ही विळ्यांना धार लावली आहे. तुझा माझ्या हाताला उलटा पडतो, धार लावताना बोट कापलं, पण फार नाही. रविवारी तुला घ्यायला मी गाडीवर येतो. सामान जास्त असेल तर कळव, ट्रॅक्टर आणतो.

दादा